घर वसईत, दाखला दमणचा

विचारणारे गृहस्थ वसईच्या पश्चिम पट्ट्यातले आहेत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "पणजोबांचा १९०४ सालचा बाप्तिस्म्याचा दाखला जुन्या पेटीत सापडला. त्यावर धर्मप्रांत 'दमण' आहे. वडिलांच्या १९५१ च्या दाखल्यावर 'मुंबई' आहे आणि मुलीच्या २००३ च्या दाखल्यावर 'वसई'. चर्च तेच, घरही तेच. मग आम्ही मूळचे दमणचे का? आमचं चर्च साडेचारशे वर्षांचं, तर वसईचा धर्मप्रांत १९९८ चा कसा? शिवाय पणजीचं लग्न माहीमला झालं असं आजी सांगायची. ती नोंद कुठे शोधायची?"

चर्चच्या जुन्या वह्या आणि पोर्तुगीज कागद वाचून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि यातला पहिला प्रश्न माझ्याकडे सतत येतो. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. या दाखल्यावरून तुमचं घराणं दमणचं ठरत नाही. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अधिकाराखालचा मुलूख. १८८६ ते १९२८ या काळात वसईतली जुनी चर्चेस दमणच्या बिशपांकडे होती, एवढाच त्याचा अर्थ. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दाखल्याच्या डोक्यावर जे धर्मप्रांताचं नाव असतं ते दाखला दिला त्या दिवसाचं असतं, बाप्तिस्मा झाला त्या दिवसाचं नव्हे. पणजोबांची तीच नोंद आज चर्चच्या कचेरीतून काढलीत तर वर 'वसई धर्मप्रांत' छापलेलं येईल. वही तीच आणि ओळही तीच असेल, फक्त लेटरहेड बदललेलं असेल.

ही नावं का बदलत गेली ते समजलं की पुढची शोधाशोध निम्म्यावर येते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगिजांना दिली. गोव्याला बिशपचं पीठ मिळालं तेही याच सुमारास. पुढे १५५८ मध्ये गोवा आर्चडायोसीस, म्हणजे आर्चबिशपांचा धर्मप्रांत, झालं आणि वसई, साष्टी (मुंबईच्या उत्तरेची, गोव्यातली नव्हे), ठाणे, मुंबई, चौल, दमण हा सगळा उत्तरेचा प्रांत गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखाली राहिला. गावोगाव चर्च उभी करण्याचं काम संघांनी, म्हणजे व्रतस्थ धर्मगुरूंच्या संस्थांनी, केलं. फ्रान्सिस्कन आधी आले, त्यांच्यामागून जेजुइट, मग डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन. सांडोरचं सेंट थॉमस १५६६ चं, नंदाखाळचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ चं. तुमचं चर्च साडेचारशे वर्षांचं म्हणता ते याच लाटेतलं.

पण चर्च असणं वेगळं आणि बिशपचं पीठ असणं वेगळं. वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. येणारे-जाणारे त्याला सर्रास 'कॅथीड्रल' म्हणतात. कॅथीड्रल म्हणजे बिशपचं पीठ असलेलं चर्च. ते कॅथीड्रल कधीच नव्हतं, ते शहराचं मुख्य पॅरिश चर्च, म्हणजे तिथल्या वस्तीचं नेहमीचं चर्च होतं. तिथल्या शिलालेखात १६०१ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत चर्चची पुनर्बांधणी झाल्याचं लिहिलं आहे. आता हे मेनेझिस आर्चबिशप गोव्याचे. वसईत बिशप बसतच नव्हता. इतक्या दूरचा कारभार गोव्याहून नेमलेल्या अधिकाऱ्यांमार्फत चालायचा आणि रोजचं सगळं संघांच्या हातात असायचं. पोर्तुगीज काळात वसई हे उत्तर प्रांताचं राजधानीचं शहर होतं. कोटाच्या आत चार-चार संघांचे मठ आणि चर्चेस होती. तरी धर्मप्रांत नाही. तो मिळायला १९९८ उजाडलं. चर्चचं वय आणि धर्मप्रांताचं वय यांत जो तुम्हाला विरोध वाटतो तो इथेच मिटतो.

याच काळात वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर देहान्त शिक्षा झाली. १८६२ मध्ये रोमने त्या सगळ्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच.

वह्या ठेवण्याची सक्तीही साधारण याच काळातली. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद वहीत ठेवावी असा नियम केला. नियम झाला म्हणजे तेव्हापासूनच्या वह्या आज शिल्लक आहेत असं मात्र समजू नका. वाळवी, पावसाळा, लढाई आणि माणसांची हयगय यांतून जे वाचलं ते वाचलं. चर्चच्या दर्शनी भिंतीवरचं साल आणि कपाटातल्या सर्वांत जुन्या वहीचं साल यांत शंभर-दोनशे वर्षांचं अंतर असलं तरी नवल मानू नये.

आता १७३९. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम मराठी वाचकाला तोंडपाठ असते, पण त्यानंतर इथल्या ख्रिस्ती रयतेचं काय झालं हे सहसा कुणी विचारत नाही. मे महिन्यात किल्ला पडला. पोर्तुगीज शिबंदी आणि गोरे पाद्री निघून गेले. किल्ल्यातले मठ ओस पडले. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आणि भीमाशंकरला त्या आजही दिसतात. पण शरणागतीच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक देणारं कलम होतं. आणि मागे राहिलेले बरेच होते: केळी-पानवेलीच्या वाड्या करणारे, भातशेतीवाले, कोळी. जमीन सोडून ते जाणार कुठे? त्यांच्यासाठी गोव्याहून गोमंतकीय धर्मगुरू येत राहिले. म्हणजे राज्य पेशव्यांचं आणि चर्चचा कारभार गोव्याच्या आर्चबिशपांचा, अशी जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. मधे १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, साल्बाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली आणि शेवटी १८१७-१८ च्या युद्धात ती कायमची इंग्रजांकडे गेली. या सगळ्या उलथापालथीत चर्चची व्यवस्था गोव्याशी बांधलेलीच राहिली.

म्हणून १७३९ ने सगळं तुटलं हे म्हणणं मला पटत नाही. संघ गेले, पैसा गेला, इमारती गेल्या, हे खरं. पण गावच्या कॅथलिक माणसाच्या आयुष्यात जी खरी फाटाफूट झाली ती पुढच्या शंभर-दीडशे वर्षांतली. ती मराठ्यांनी केलेली नाही, इंग्रजांनीही नाही. ती लिस्बन आणि रोमच्या भांडणातून आली. तुमच्या दाखल्यावरचं 'दमण' त्याच भांडणाच्या तडजोडीतून आलेलं आहे.

भांडण काय होतं? पोपने पोर्तुगालच्या राजाला एक हक्क दिलेला होता. पूर्वेकडे चर्चेस बांधायची, धर्मगुरूंचा खर्च सोसायचा आणि त्याबदल्यात बिशप कोण असावा ते राजाने सुचवायचं. याला पाद्रोआदो म्हणतात. पोर्तुगालचा दरारा होता तोवर ठीक होतं. पण सतराव्या शतकात रोमला कळून चुकलं की जिथे पोर्तुगिजांचं राज्य नाही तिथेही हा हक्क अडसर होतोय. १६२२ मध्ये रोमने प्रोपगांडा नावाची आपली स्वतंत्र यंत्रणा काढली आणि थेट पोपच्या वतीने काम करणारे बिशप नेमायला सुरुवात केली. त्यांतलं एक नाव आपल्याकडचं. गोव्याच्या दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो हे जन्माने ब्राह्मण. गोव्याच्या चर्चने त्यांना दारात उभं केलं नाही, तेव्हा ते रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये आदिलशाही मुलखासाठी बिशप होऊन परत आले. पोर्तुगीज हद्दीत थारा नाही म्हणून त्यांनी डिचोलीला मुक्काम ठेवला. मुंबईचं आजचं आर्चडायोसीस आपलं मूळ याच नेमणुकीत शोधतं. गोव्याच्या एका डावललेल्या माणसापासून मुंबईच्या आर्चबिशपपदाची साखळी सुरू होते, ही गोष्ट मुंबईतल्या कॅथलिकांनाही फारशी ठाऊक नसते.

मुंबईत या भांडणाला इंग्रजांनी हात दिला. मुंबई आंदणात इंग्लंडकडे गेली आणि १६६८ पासून कंपनीकडे आली, तरी चर्चमधले फ्रान्सिस्कन पोर्तुगालच्या राजाला मानणारे. कंपनीला ते शेजारच्या वसईचे हेर वाटायचे. १७२० मध्ये गव्हर्नर बून याने त्यांना मुंबईतून काढलं आणि चर्चेस प्रोपगांडाच्या, कार्मेलाइट संघातल्या बिशपांकडे दिली. पुढे १७८९ मध्ये ती पाद्रोआदोकडे गेली, १७९१ मध्ये परत कार्मेलाइटांकडे आली. शेवटी वैतागून १७९४ मध्ये सरकारने वाटणी केली: दोन पॅरिश यांच्या, दोन त्यांच्या. इथून मुंबईत एकाच वस्तीवर दोन बिशपांचा अंमल सुरू झाला. शेजारी-शेजारी राहणारी दोन कॅथलिक घरं, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) तीच, उपास तेच, पण लग्नाच्या परवानगीसाठी एक या बिशपकडे आणि दुसरं त्या बिशपकडे. गोव्याहून आलेला माणूस मुंबईत कुठेही राहिला तरी बहुधा पाद्रोआदोचा धरला जायचा. अधिकार नुसता वस्तीवर नव्हता, माणसावरही होता.

१८३० च्या दशकात गाठ आणखी घट्ट झाली. गोव्याचे आर्चबिशप १८३१ मध्ये वारले आणि पीठ रिकामं राहिलं. पोर्तुगालमध्ये यादवी झाली, १८३४ मध्ये तिथल्या सरकारने संघ बरखास्त केले आणि रोमशी संबंध तोडले. रोमने १८३८ मध्ये ब्रिटिश मुलखातले पाद्रोआदोचे बरेचसे अधिकार काढून घेतले. गोव्याच्या पाद्रींनी ते मानलं नाही. मग रोमवाल्यांनी त्यांना फितूर ठरवलं आणि त्यांनी रोमच्या बिशपांना उपरे. वसईच्या गावांतल्या माणसाला या लॅटिन फर्मानांतलं काय कळत असणार? तो आपल्या गावच्या चर्चमध्ये जात राहिला, आणि तिथे पाद्री गोव्याचेच होते. त्यामुळे वसई, साष्टी पाद्रोआदोतच राहिली.

हे भांडण नुसतं कागदावरचं नव्हतं. माहीमचं सेंट मायकल चर्च घ्या, दर बुधवारी नोव्हेनाला जिथे सगळ्या धर्मांची गर्दी लोटते तेच. ते प्रोपगांडाच्या वाट्याचं होतं. १८५३ मध्ये तिथल्या एका गटाने चर्च पाद्रोआदोला द्यायचं ठरवलं. रोमचे बिशप आनास्तासियस हार्टमन हे कापुचिन संघाचे, स्विस, हट्टाला पेटलेले. ते स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले. विरुद्ध गटाने बाहेरून वेढा घातला आणि अन्नपाणी तोडलं. पंधरा दिवस हा प्रकार चालला. शेवटी सरकार मधे पडलं, दारं उघडली आणि चर्च पाद्रोआदोकडे गेलं. एक कॅथलिक बिशप आणि त्याला कोंडणारेही कॅथलिकच, आणि सोडवायला आले ते प्रॉटेस्टंट इंग्रज. मुंबईच्या चर्चचा इतिहास सांगताना हा प्रसंग लोक एका वाक्यात उरकतात. तो तसा उरकू नये असं मला वाटतं, कारण त्यानंतरच दोन्ही बाजूंना कळलं की हे असं चालणार नाही. याच हार्टमन यांनी १८५० मध्ये काढलेलं 'एक्झामिनर' साप्ताहिक मुंबईत अजून चालू आहे.

तडजोड व्हायला आणखी तेहतीस वर्षं लागली. २३ जून १८८६ रोजी पोप लिओ तेरावे आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात भारतात कॅथलिक चर्चची रीतसर रचना लागली. मुंबई आर्चडायोसीस झालं, पुणे धर्मप्रांत झाला. ही दोन्ही रोमची, आणि दोन्हींचं काम जेजुइटांकडे. पोर्तुगालला काय मिळालं? गोवा, कोचीन, मैलापूर आणि दमण. गोव्याच्या आर्चबिशपांना 'पॅट्रिआर्क' ही भारदस्त पदवी मिळाली. दमणला नवा धर्मप्रांत काढला आणि त्यात वसई, साष्टी, दीव आणि मुंबई शहरातली पाद्रोआदोची चर्चेस घातली. वसई किंवा ठाणे सोडून दमण का? कारण उघड आहे. पोर्तुगालच्या राजाने ज्याला सुचवायचं त्या बिशपचं पीठ पोर्तुगीज भूमीवर हवं, आणि या किनाऱ्यावर पोर्तुगिजांकडे दमण आणि दीवच उरले होते. लोकवस्ती पाहिली तर दमण धर्मप्रांतातले बहुसंख्य कॅथलिक वसई-साष्टी-मुंबईचे, म्हणजे ब्रिटिश रयत.

पणजोबांच्या दाखल्याचं साल १९०४. त्या साली वसईवर राज्य एडवर्ड सातव्याचं, आणि तिथल्या कॅथलिकांचे बिशप सेबास्तियाँव जोसे परेरा, ज्यांची नेमणूक पोर्तुगालच्या राजाच्या शिफारशीने झालेली. दाखल्यावर नुसतं 'दमण' नसेल, 'क्रांगानोर' असाही शब्द असेल. त्याने गोंधळू नका. क्रांगानोर म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर. तिथलं जुनं आर्चबिशपपद तडजोडीत दमणच्या बिशपांना मानाची पदवी म्हणून जोडलं होतं. तुमच्या घराण्याचा केरळशीही संबंध नाही.

याच दिवसांतली आणखी एक घडामोड सांगायला हवी, कारण तिची सावली तुमच्या कागदांवर आहे. मुंबईत गोव्याहून बोटीने येणाऱ्या कॅथलिकांची संख्या वाढली होती. नोकऱ्यांत आणि चर्चमध्येही त्यांचं वजन वाढत होतं. मुंबई-साष्टी-वसईच्या मूळ कॅथलिकांनी आपलं वेगळेपण दाखवायला १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेऊन संघटना काढली. म्हणून त्यानंतरच्या काही कागदांवर जातीच्या किंवा समाजाच्या रकान्यात हे नाव दिसतं. वसईतले सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती ते सरसकट लावत नाहीत, घरात तर नाहीच. तेव्हा कागदावर ते नाव असलं किंवा नसलं, त्यावरून घराण्याचं मूळ ठरवायला जाऊ नका.

दमणचा धर्मप्रांत संपला तो फार गाजावाजा न होता. बिशप परेरा १९२५ मध्ये वारले. मुंबईचे आर्चबिशप आल्बन गुडियर यांनी पुढल्या वर्षी राजीनामा दिला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या, तेव्हा जुना गुंता सोडवायला मोकळं मैदान मिळालं. एप्रिल १९२८ च्या करारात दमण धर्मप्रांत मोडला. दमण आणि दीव गोव्याला जोडले, आणि वसई, साष्टी व मुंबईतली पाद्रोआदोची चर्चेस मुंबई आर्चडायोसीसकडे आली. एकशे चौतीस वर्षांचा दुहेरी अंमल संपला. बदल्यात एक चमत्कारिक अट आली: मुंबईचा आर्चबिशप आलटून पालटून एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. त्याप्रमाणे आधी पोर्तुगीज जेजुइट जोआकिम लीमा आले. त्यांच्यानंतर १९३७ मध्ये इंग्रज थॉमस रॉबर्ट्स.

रॉबर्ट्स हे मला या सगळ्या मालिकेतले सर्वांत आवडते गृहस्थ. भारत स्वतंत्र व्हायच्या वाटेवर, आणि मुंबईच्या आर्चबिशपपदाची पाळी मात्र आता पोर्तुगिजाची, हा विनोद त्यांना कळत होता. १९४६ मध्ये त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस यांना सहायक बिशप करून घेतलं, कारभार त्यांच्या हाती सोपवला आणि स्वतः मुंबईपासून लांब राहिले. जागा रीतसर रिकामी होत नाही तोवर पोर्तुगालला पुढचं नाव सुचवता येत नव्हतं. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने हा हक्क सोडला. रॉबर्ट्स यांचा राजीनामा आणि ग्रेशस यांची नेमणूक त्याच वर्षीची. १९५३ मध्ये ग्रेशस भारताचे पहिले कार्डिनल झाले. तुमच्या वडिलांचा १९५१ चा दाखला अगदी त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीचा.

त्यानंतरचं थोडक्यात. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली. वसईत ती मराठीत आली आणि इथल्या चर्चचा तोंडवळा बदलला. 'सुवार्ता' मासिकाचे माजी संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच मराठी वळणातून. मुंबई आर्चडायोसीस इंग्रजीकडे आणि महानगराकडे झुकलेलं. उत्तरेकडची वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार ही मराठी गावं आणि वारली पाडे यांचा कारभार तिथून सांभाळणं अवघड होत गेलं. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत जाहीर झाला. पापडीचं अवर लेडी ऑफ ग्रेस हे कॅथीड्रल झालं आणि थॉमस डाबरे पहिले बिशप. २००९ मध्ये ते पुण्याला गेले आणि त्यांच्या जागी फेलिक्स मच्याडो आले. २०२४ पासून थॉमस डिसोजा आहेत. नवा धर्मप्रांत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जुन्या वसईची केळीच्या वाड्यांतली चर्चेस येतात. पण त्याच्या नकाशाचा मोठा भाग पूर्वेकडचा डोंगराळ, आदिवासी आहे, आणि तिथली चर्चेस पोर्तुगीज काळाची नाहीत, अलीकडच्या मिशनांची आहेत.

एक गंमत म्हणून सांगतो. एका मुलखात दोन बिशप हा प्रकार आजही आहे. केरळातून आलेल्या, वेगळ्या उपासनारीतीच्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याणला वेगळं पीठ झालं आहे. त्यामुळे वसईत राहणाऱ्या त्या रीतीच्या कुटुंबाचा दाखला वसईचा असेलच असं नाही.

आता वहीकडे येऊ. पणजोबांची मूळ नोंद बहुधा पोर्तुगीजमध्ये असेल. तिचा साचा ठरलेला असतो. आधी दिवस आणि महिना, बहुतेक वेळा अक्षरी. मग "फिल्यो लेजितिमो", म्हणजे औरस पुत्र, आणि त्यापुढे आईबापांची नावं. कधी आजी-आजोबांचीही असतात, आणि ती मिळाली तर एका उडीत १८५० च्या आसपास जाता येतं. शेवटी "पाद्रिन्योस", म्हणजे धर्ममातापिता, आणि पाद्रींची सही. धर्ममातापित्यांची नावं सोडून देऊ नका. ती बहुधा जवळच्या नात्यातली असतात आणि आईच्या माहेरचं गाव कित्येकदा तिथेच सापडतं. गावांची नावं पोर्तुगीज उच्चाराने लिहिलेली असतात: वसईचं "बसाईं", आगाशीचं "आगासाईं". आडनावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. एकाच घरातल्या भावंडांच्या आडनावाची तीन स्पेलिंगं मी पाहिली आहेत. आळीचं किंवा पाड्याचं नाव आणि आईचं नाव या दोन खुणा जास्त भरवशाच्या.

कचेरीत जाताना अंदाजे साल, आईबापांची नावं आणि आळी लिहून न्या. या वह्या सार्वजनिक दस्त नाहीत. पाद्रींनी स्वतः शोधून द्यायचं म्हटलं तर तो त्यांचा अधिकार आहे. सणाच्या आधीचे आठवडे आणि लग्नसराई टाळलीत तर काम लवकर होतं.

दाखल्यावर 'दमण' पाहिलं की पोर्तुगीज नागरिकत्व मिळेल असं सांगणारा कुणी एजंट तुम्हाला भेटला असेल किंवा भेटेल. माझ्याकडे असे पैसे भरून बसलेले लोक येतात. नागरिकत्वासाठी पूर्वजांचा जन्म पोर्तुगीज मुलखात, म्हणजे गोवा, दमण, दीवमध्ये १९ डिसेंबर १९६१ च्या आधी झालेला असावा लागतो. वसईवरचं पोर्तुगीज राज्य १७३९ मध्ये संपलं. बिशपांच्या हद्दीला त्या कायद्यात किंमत नाही. त्या कामासाठी हा दाखला निरुपयोगी आहे.

राहिली पणजी. लग्न सहसा मुलीच्या पॅरिशमध्ये लागतं, म्हणजे ती माहीमची असणार. पण 'माहीम' या नावाखाली तेव्हा एकाहून अधिक चर्चेस येत. सेंट मायकल हे वरचं माहीम. जुन्या कागदावर 'लोअर माहीम' असेल तर ते दादरचं साल्व्हासांव, ज्याला बसवाले अजून 'पोर्तुगीज चर्च' म्हणतात. त्याखेरीज माहीममध्येच व्हिक्टोरिया चर्च आहे. तिन्हीकडे आंधळेपणाने फिरण्याआधी एक सोपी गोष्ट करा. १९०८ पासून असा नियम आहे की लग्न कुठेही लागलं तरी ते लावणाऱ्या पाद्रींनी नवरा-नवरीच्या मूळ पॅरिशला कळवायचं, आणि तिथे बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लग्नाची तारीख, चर्च आणि जोडीदाराचं नाव लिहायचं. पणजोबा १९०४ चे, म्हणजे त्यांचं लग्न या नियमानंतरचं. दाखल्याच्या जुन्या नकलेत समास उतरवलेला नसतो. म्हणून पाद्रींना नवा दाखला मागू नका, मूळ वही उघडून त्या ओळीच्या समासात काय लिहिलंय ते पाहायची विनंती करा. शेरा लिहिला गेला असेल तर चर्चचं नाव तिथेच मिळेल. समास कोरा असेल तर आधी सेंट मायकल, मग साल्व्हासांव, आणि तिथेही नाही तर व्हिक्टोरिया.